पॅनिक अटॅक : पहिला झटका का येतो आणि भीती मागे का उरते

वारणाकाठ

मी अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर सांगलीत स्थायिक झाले. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते. तरीही ओळखीपाळखीतली माणसे रिपोर्टांची फाइल घेऊन माझ्याकडे येतात. त्या फाइलीत ईसीजी असतो, टू डी इको असतो, थायरॉईडची तपासणी असते, पोटाची सोनोग्राफी असते, क्वचित मेंदूचा एमआरआयही असतो, आणि सगळ्यांवर ‘नॉर्मल’ असा शेरा असतो. सगळे नॉर्मल असेल तर मग मला जे होते ते नेमके काय, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यावर ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे म्हणून त्यांना घरी पाठवले जाते आणि काही दिवसांनी तोच माणूस रात्री पुन्हा दवाखान्याच्या दारात उभा राहतो. या प्रश्नाला नीट उत्तर आहे, आणि ते मिळणे हा उपचाराचाच भाग आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

प्रथम भीती, चिंता आणि पॅनिक यांतला फरक पाहू. कृष्णाकाठच्या लोकांना तो समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि जिन्याच्या पायऱ्या एकामागून एक बुडू लागल्या, तेव्हा जे वाटले ती भीती होती. संकट समोर होते आणि त्या भीतीनेच माणसांना वेळेत घराबाहेर काढले. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात, धोक्याची पातळी ४५ फुटांवर आणि पाणी अजून तिशीतही नसताना, कोयनेतून किती विसर्ग सोडला हे दर तासाला मोबाइलवर पाहणे, झोप न लागणे, सामान माडीवर चढवायचे की नाही याचा विचार डोक्यातून न जाणे, ही चिंता आहे. ती अजून न आलेल्या संकटाविषयी असते, मंद असते आणि आठवडेच्या आठवडे चालते. आणि मार्च महिन्यात, नदी पात्रात शांत असताना, दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या छातीत एकाएकी धडधड सुरू होते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो आणि ‘आता आपण जातो’ असे वाटते, तो पॅनिक अटॅक. तिथे समोर संकट नसते आणि त्या क्षणी बहुधा मनात पुराचा विचारही नसतो.

पॅनिक अटॅकची लक्षणे ठरलेली आहेत : छातीत धडधड, घाम, कंप, दम कोंडल्यासारखे होणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, अंगावर काटा किंवा गरम वाफा, हातापायांना मुंग्या, आजूबाजूचे सगळे खोटे किंवा परके वाटणे, ताबा सुटून वेड लागेल अशी भीती आणि मरणाची भीती. यांपैकी चार किंवा अधिक लक्षणे एकदम उसळून काही मिनिटांतच शिगेला पोहोचली, तर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. बहुतेक झटके अर्ध्या तासाच्या आत ओसरतात, मात्र नंतरचा थकवा दिवसभर राहू शकतो.

हे शरीरात कसे घडते, हा खरा माझा विषय. मेंदूच्या आतल्या भागात अमिग्डाला नावाचा बदामाएवढा एक भाग आहे. धोक्याची चाहूल लागली की तो विचाराची वाट पाहत नाही. हायपोथॅलॅमस या मेंदूतल्याच दुसऱ्या भागामार्फत अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणारी नसांची यंत्रणा, जागी होते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात, हृदय जोराने चालते, श्वास वाढतो आणि रक्त त्वचेकडून व पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळते. म्हणूनच हातपाय गार पडतात आणि पोटात कालवते. शरीर धावण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीत असते. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या ‘लढा किंवा पळा’ प्रतिक्रियेची मांडणी केली. आपण प्रत्यक्ष धावलो असतो तर ही तयारी वापरली गेली असती, पण माणूस गल्ल्यावर नुसता बसलेला असतो.

तो जोरजोराने श्वास घेऊ लागतो आणि इथून पुढच्या घटना लोकांना फार घाबरवतात. गरजेपेक्षा जास्त श्वास बाहेर टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्ताची अल्कता वाढते. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात, डोके हलके होते आणि समोरचे दृश्य धूसर व खोटे वाटू लागते. रक्तातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण खाली आल्याने नसा अति संवेदनशील होतात, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. श्वास तसाच चालू राहिला तर बोटे एकमेकांना चिकटून ताठ होतात आणि अंगठा तळव्याकडे वळतो. तो हात पाहून घरच्यांना लकवा किंवा फिट वाटते. प्रत्यक्षात श्वास मंदावला की काही मिनिटांत हात मोकळा होतो. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, दम कोंडल्याची भावना टोकाला असतानाही बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ दाखवतो, कारण प्राणवायू कमी पडलेलाच नसतो.

आता मला मुख्यतः जे म्हणायचे आहे ते मांडते. पहिल्या झटक्याचे कारण आणि आजार टिकून राहण्याचे कारण ही दोन वेगळी असतात. पहिला झटका जागरणाने, उपाशीपोटी घेतलेल्या कडक चहाने, तापातून उठल्यावरच्या अशक्तपणाने किंवा घरातल्या मृत्यूनंतर, अशा कोणत्याही निमित्ताने येऊ शकतो. आयुष्यात एखाददुसरा झटका पुष्कळांना येतो आणि तो तिथेच संपतो. आजार सुरू होतो तो त्या झटक्याचा अर्थ लावण्यातून. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडले. शरीरातील एखादी साधी संवेदना, उदाहरणार्थ जिना चढल्यावरची धडधड, ‘हार्ट अटॅक येतोय’ अशी वाचली जाते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ॲड्रेनालिन वाढते, त्याने धडधड आणखी वाढते, आणि मूळचा अर्थ खराच होता असे वाटू लागते. एकदा हे झाले की माणूस स्वतःच्या छातीवर पहारा ठेवू लागतो. नाडी मोजतो, मनगटावरचे स्मार्टवॉच पाहतो, एकटा बाहेर पडत नाही, गर्दीच्या वडापमध्ये, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये, बसत नाही. प्रत्येक वेळी टाळल्यावर सुटल्यासारखे वाटते आणि ‘टाळले म्हणून वाचलो’ ही समजूत पक्की होते. मूळ कारण शोधण्यात वर्षे घालवणाऱ्यांना म्हणूनच मी सांगते की, पहिले कारण सापडले नाही तरी आजार टिकवणारे हे चक्र तोडता येते.

विश्रामबाग_सांगली

ताई, लेख वाचताना अंगावर काटा आला, कारण यातली जवळजवळ सगळी लक्षणे माझी आहेत. मी नोकरीसाठी पुण्याला राहते आणि महिन्यातून एकदा घरी येते. परतताना सातारा ओलांडल्यावर खंबाटकीच्या बोगद्यात बस थांबली होती, पुढे वाहनांची रांग लागली होती, तिथे मला पहिल्यांदा हे झाले. तेव्हापासून मी बसने प्रवास करत नाही, कोयना एक्सप्रेसने जाते, आणि आता रेल्वेतही दाराजवळची जागा मिळाली नाही तर अस्वस्थ होते. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मला सतत वाटते की मी चक्कर येऊन पडेन आणि लोक जमतील. तसे होऊ शकते का? दुसरे म्हणजे, कागदी पिशवीत श्वास घ्यावा असे मैत्रिणीने सांगितले होते, ते योग्य आहे का?

वारणाकाठ

तुम्ही स्वतःच किती नेमके सांगितलेत पाहा : आधी बोगदा, मग बस, मग रेल्वेतली जागा. टाळण्याची हद्द अशीच वाढत जाते. बोगद्याचा दोष नव्हता. जिथून लगेच बाहेर पडता येत नाही आणि मदत लगेच पोहोचत नाही अशा जागांची ही भीती आहे. म्हणूनच ती बसमधून रेल्वेत आली, आणि वेळीच आवरली नाही तर लग्नकार्यालय, यात्रा, चित्रपटगृह यांपर्यंतही जाते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. बेशुद्ध पडण्यासाठी रक्तदाब एकदम खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये हृदय जोराने चालत असते आणि रक्तदाब वाढलेला असतो. त्यामुळे चक्कर आल्यासारखे वाटले तरी पॅनिकने माणूस बेशुद्ध होणे फारच विरळ. याला अपवाद आहे तो रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचा. त्यांचा रक्तदाब आधी चढून मग झपाट्याने उतरतो आणि ते खरोखर पडतात, पण तो प्रकार वेगळा आहे.

कागदी पिशवी वापरू नका. पूर्वी तसे सांगत, परंतु तो झटका पॅनिकचा नसून दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर पिशवीत प्राणवायू कमी पडून धोका होतो. श्वास नाकाने हळू घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा, छातीऐवजी पोट हलू द्यावे, एवढे पुरे. खूप खोल श्वास घेऊ नका. ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला सगळेच देतात, पण आधीच जास्त श्वास घेणाऱ्याने आणखी मोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतात.

बेदाणा

मी तासगाव भागातला द्राक्ष बागायतदार आहे. मॅडम, माझ्या धाकट्या भावाविषयी लिहितो. अवकाळी पावसात डोळ्यांसमोर मणी तडकताना पाहिले, सोसायटीचे कर्ज वाढले, औषधफवारणीसाठी रात्र-रात्र जागरणे झाली, त्या सगळ्या काळात तो खंबीर होता. हंगाम संपला, थोडी उसंत मिळाली, आणि मग एका रात्री झोपेतून दचकून उठला, छाती धरून बसला. त्यानंतर हे आठवड्यातून एक-दोन वेळा होते, बहुतेकदा झोपेतच. स्वप्न पडले का विचारले तर नाही म्हणतो. आई म्हणते बाहेरचे काहीतरी आहे आणि तिने अंगारा आणून लावला. वडिलांनाही तरुणपणी ‘घाबरल्यासारखे’ व्हायचे असे आता चुलते सांगतात. संकट टळल्यावर हे का व्हावे, हे आम्हाला समजत नाही. तो तंबाखू खातो आणि दिवसाला पुष्कळ चहा पितो, हेही सांगून ठेवतो.

वारणाकाठ

दादा, तुम्ही सगळे तपशील दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. झोपेतला पॅनिक अटॅक हा ओळखीचा प्रकार आहे. तो स्वप्नाच्या झोपेत येत नाही, त्याआधीच्या, गाढ झोपेकडे जाण्याच्या टप्प्यात येतो, म्हणून भावाला स्वप्न आठवत नाही. ‘झोपेत तर मी कशाचीही काळजी करत नव्हतो, म्हणजे हा हृदयाचाच आजार’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात, आणि तो चुकीचा असतो.

ताण चालू असताना शरीर कामाला जुंपलेले असते आणि लक्षही बाहेर, बागेत असते. उसंत मिळाल्यावर लक्ष आत वळते आणि आजवर दुर्लक्षित राहिलेली धडधड जाणवू लागते. दीर्घकाळच्या जागरणाने मज्जासंस्था तेव्हाही चढलेलीच असते. म्हणून काढणी झाल्यावर किंवा परीक्षा संपल्यावर झटका येणे मुळीच विचित्र नाही.

वडिलांचा उल्लेख महत्त्वाचा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून पॅनिकच्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४० टक्के मानला जातो. म्हणजे कल वारशाने येतो आणि उरलेले आयुष्य घडवते. कॅफीन आणि निकोटिन दोन्ही हृदयाची गती वाढवतात. तंबाखूप्रमाणेच मशेरीतही निकोटिन असते, हे आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत विसरले जाते. चहा एकदम तोडू नये, डोके दुखते. हळूहळू कमी करावा आणि संध्याकाळनंतर टाळावा. भाऊ दारू घेत असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण दारूचा अंमल उतरताना आणि ती अचानक बंद केल्यावर अशीच घबराट होते, आणि रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांशिवाय एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

आईंशी वाद घालू नका. अंगारा लावल्याने त्यांच्या जिवाला बरे वाटत असेल तर लावू दे. डॉक्टरांकडे जाणे मात्र त्यासाठी लांबवू नका. आणि एक गोष्ट थेट विचारते. कर्ज, नुकसान आणि न झोपणे एकत्र आले की काही जणांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. भावाला एकांतात, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसे काही असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

कुपवाड_दवाखाना

मी जनरल प्रॅक्टिशनर आहे. ताईंच्या मांडणीला एक जोड देतो, कारण हा धागा वाचून कोणी छातीतले दुखणे पॅनिक समजून घरी बसू नये. असे पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल, दुखणे श्रमाने वाढत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर आधी दवाखाना, मग चर्चा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून हार्ट अटॅक नाहीच असे होत नाही, काही तासांनी पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी, रक्ततपासणी लागते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये लक्षणे अनेकदा साधी वाटतात. थायरॉईडचे आधिक्य, रक्तक्षय, साखर उतरणे, हृदयाच्या ठोक्यांमधले काही दोष, दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल यांनीही धडधड होते. हे सगळे एकदा नीट तपासावे. मात्र नीट तपासल्यानंतर त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करणे, हा मग आजाराचाच भाग बनतो.

दोन औषधांविषयी कळकळीने सांगतो. जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयविकारासाठीची, गोळी खिशात ठेवून प्रत्येक घबराटीला घेणारे रुग्ण मी पाहतो. त्या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, हृदय भरपाई म्हणून आणखी जोराने धावते आणि डोके ठणकते. पॅनिकच्या रुग्णाला याने बरे कसे वाटेल? दुसरे औषध अल्प्राझोलाम, हे घबराट शमवणारे गुंगीचे औषध. त्याने लगेच शांत वाटते, म्हणूनच त्याची सवय लागते. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय मिळू नये, तरी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणून घेणारे आहेत. ज्यांना बराच काळ चालू आहे त्यांनी हे वाचून एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्यावे.

कोयनाखोरे

मी पाटण तालुक्यातला, वयाने सत्तरीच्या पुढे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. आमच्या पिढीत अनेकांना आजही जमिनीतून घुमल्यासारखा आवाज आला की अंथरुणातून उठून अंगणात यावेसे वाटते. माझी थोरली बहीण त्यानंतर कित्येक वर्षे दाराला कडी लावून झोपली नाही. ताई, हे पॅनिक म्हणायचे की आणखी काही?

वारणाकाठ

काका, त्या भागात त्यानंतरही अनेक वर्षे धक्के बसत राहिले, तेव्हा दार उघडे ठेवून झोपण्यात शहाणपणही होते. भेद असा करता येईल : पॅनिकच्या आजारात झटका निमित्ताशिवाय येतो आणि भीती झटक्याचीच असते. आपत्तीनंतरच्या आघातात भीती त्या घटनेची असते. आवाज, वास, ठरावीक वेळ यांनी ती घटना पुन्हा समोर घडते आहे असे वाटते, वाईट स्वप्ने पडतात, त्या जागेकडे जाणे टळते. २०१९ च्या पुरानंतर पलूस, मिरज, वाळवा भागात ज्यांना पावसाच्या आवाजाने झोप लागत नाही त्यांच्यापैकी काहींचे दुखणे या दुसऱ्या प्रकारचे असू शकते. उपचार दोन्हीवर आहेत, पण ते वेगळे असतात. म्हणून तज्ज्ञाला झटका सांगताना त्याआधी काय घडले होते तेही सांगावे. बहिणीचे वय कितीही असले तरी आता उशीर झाला असे समजू नका.

विश्रामबाग_सांगली

उपचार म्हणजे नक्की काय करतात? आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील, या भीतीने मी आजवर गेले नाही.

वारणाकाठ

दोन मार्ग आहेत आणि ते एकत्रही वापरतात. पहिला बोधनवर्तन उपचार, ज्यात साधारण तीनेक महिने आठवड्याला एक भेट असते. त्यात संवेदनेचा चुकीचा अर्थ पकडायला शिकवतात आणि मग ती संवेदना मुद्दाम निर्माण करतात. जागच्या जागी धावून धडधड आणायची, खुर्चीत गोल फिरून गरगर आणायची, आणि ती आपोआप ओसरते हे स्वतः अनुभवायचे. त्यानंतर टाळलेल्या जागा पायरीपायरीने परत मिळवायच्या. तुमच्या बाबतीत आधी सांगली ते मिरज शहर बस, सोबत कोणी असताना, मग एकटीने, मग कराडपर्यंत, मग सातारा, आणि शेवटी बोगदा. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचे असते. मध्येच उतरून पळाले तर मेंदू पुन्हा तेच जुने शिकतो. हृदयविकार, दमा, गरोदरपण असेल तर हे व्यायाम तज्ज्ञाला विचारूनच करावेत.

दुसरा मार्ग एसिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचा. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितले गेले नाही तर लोक चौथ्या दिवशी गोळी सोडतात. बरे वाटू लागल्यावरही साधारण वर्षभर घेऊन मग हळूहळू कमी करतात. पुष्कळांना आयुष्यभर लागत नाहीत.

बेदाणा

भावाशी काल बोललो. मरणाचे विचार नाहीत म्हणाला, पण बोलताना रडला. गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि तिथे जाताना कोणी पाहिले तर वेडा म्हणतील, याची त्याला लाज वाटते. सुरुवात कुठून करावी? आणि रात्री झटका आला तर आम्ही घरच्यांनी काय करावे?

कुपवाड_दवाखाना

आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ईसीजी, रक्तदाब, साखर, थायरॉईड करून घ्या. त्यानंतर मिरज किंवा सांगलीतल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. घरातून बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते. आणि लाजेबद्दल एवढेच सांगतो की, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

वारणाकाठ

रात्रीसाठी सांगते. तपासण्या झालेल्या असतील आणि झटका नेहमीसारखाच असेल तर सगळ्या घराने उठून गोळा होऊ नये, एकाने जवळ बसावे. ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणू नये, कारण त्याला जे होते आहे ते खरे आहे. ‘हे मागच्या वेळचेच आहे, चढले तसे उतरेल, मी इथेच आहे’ असे शांतपणे सांगावे. आपण स्वतः सावकाश श्वास सोडावा, तो आपोआप त्या लयीत येतो. पाणी, पंखा, कांदा, चप्पल हुंगवणे यांची धावपळ करू नये. झटका ओसरल्यावर त्याचे विश्लेषण रात्रीच सुरू करू नये, झोपू द्यावे. आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवून ठेवू नये. ज्या बांधावर तो रोज जातो तिथे त्याला जाऊ द्यावे, पहिले काही दिवस हवे तर तुम्ही सोबत चाला, पण पुढे त्याला एकट्याने जाता आले पाहिजे. झटका नेहमीपेक्षा वेगळा वाटला, दुखणे थांबेना किंवा तो खरोखर बेशुद्ध पडला, तर मात्र वाट न पाहता दवाखान्यात न्या.